पुढून उघडणारी गाडी

सासऱ्यांच्या गाडीवरून मला जे जे हसले, त्या सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षं लोकांना गप्प बसा म्हणून सांगण्यात गेली, त्यामुळे टोमणे मारायचा सराव राहिलेला नाही. हसणाऱ्यांत आमच्या वरच्या मजल्यावरचे काका होते, एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि वाहन कार्यालयातल्या खिडकीमागच्या मॅडम होत्या. यांच्यातला एक जरी कमी असता तरी आमच्या घरात आज जे आहे ते नसतं.

सासूबाई गेल्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. तरुणपणी ते औषध कंपनीचे फिरते विक्रेते होते. डॉक्टर नको नको म्हणत असताना त्याच्या टेबलावर खोकल्याच्या औषधाच्या बारा बाटल्या मांडून मोकळा होणारा हा माणूस. मला नोकरी लागली त्याच वर्षी झालेल्या माझ्या लग्नाच्या बैठकीत मी होकार नक्की कधी दिला ते मला अजून आठवत नाही, कारण दोन्ही बाजूंचं बोलणं त्यांनीच उरकलं होतं. त्याच बाबांकडे आता तीन उत्तरं उरली होती. 'चालेल', 'नको' आणि 'असू दे'. दिवसच्या दिवस ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, फक्त यांना बोलतं करा, नाहीतर हे असेच विझत जातील.

बोलतं करा म्हणणं सोपं असतं. बायको भूगोल शिकवते. ती शाळेतून आली की त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसायची, वर्गातल्या गमती सांगायची, बाबा 'असू दे' म्हणायचे, आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. नळ कशासाठी सोडलाय हे मला कळायचं, पण आत जाऊन काय बोलावं ते सुचायचं नाही. आमच्याकडे एकमेकांचे निरोप फ्रिजवर चिठ्ठी लावून द्यायची पद्धत आहे. त्यात वेळ वाचतो आणि गैरसमज होत नाहीत, असं माझं मत होतं. मी एकदा चिठ्ठीवर 'काळजी करू नकोस' असं लिहून लावलं. संध्याकाळी तिच्याखाली 'दूध संपलंय' असं लिहिलेलं होतं.

अशात वाहन कार्यालयाची नोटीस आली. बाबांच्या नावावर एक जुनी गाडी आहे, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत तिची तपासणी होऊन ती पास झाली नाही तर नोंदणी रद्द होईल आणि गाडी भंगारात काढावी लागेल. बाबांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "असू दे." पण या वेळी ते म्हणताना त्यांची हनुवटी थरथरली. मी पाहिलं, बायकोनेही पाहिलं. नळ सुटायच्या आत मी जाहीर करून टाकलं की गाडी मी पास करून आणणार. माझ्या तोंडून हे वाक्य कसं बाहेर पडलं ते मला माहीत नाही. मला स्कूटरची हवासुद्धा दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागते.

गाडीचं घरातलं नाव बेडकी. पुढे दोन चाकं, मागे एक, मागेच इंजिन, आणि दार एकच, तेही पुढे. म्हणजे इतर गाड्यांचं नाक असतं तिथे हिचं दार. ते कपाटासारखं उघडायचं, स्टिअरिंग दाराबरोबर बाहेर यायचं, आपण आत शिरून बाकावर बसायचं आणि दार स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचं. दोन बाजूंना हाताचं कोपर मावेल एवढ्या सरकत्या काचा, आणि वर उघडता येणारं कापडी छत. बेडकी बाबांच्या जुन्या घरून टेम्पोतून आमच्या पार्किंगमध्ये उतरली तेव्हा वरचे काका गॅलरीत दात घासत होते. ते तसेच खाली आले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि उरलेली गाडी कधी येणार आहे असं त्यांनी विचारलं.

काकांचा सल्ला न मागता मिळतो, आणि नाकारला तर दुप्पट मिळतो. पण दर रविवारी जुन्या गाड्यांवर बोलणारी मंडळी एका दातांच्या डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये जमतात, हे मला काकांनीच सांगितलं. त्याबद्दल त्यांचे आभार. मी भीत भीत गेलो. माझी समजूत होती की तिथे चकचकीत गाड्या आणि पाइप ओढणारे लोक असतील. डॉक्टरांची गाडी म्हणजे एक लांबलचक जुनी शववाहिका होती. त्यांनी ती हौसेने विकत घेतली होती आणि आता ती कुणीही आपल्या दारासमोर उभी करू देत नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंची गाडी अर्धी होडी होती. ती तळ्यात छान तरंगायची, पण पावसात गळायची. बाईंनी निवृत्तीनंतर वेल्डिंग शिकून घेतलं होतं आणि आपल्या कामाला त्या स्वतःच मार्क देत. तासभर दोघं आपापल्या फजित्या सांगत होती. डॉक्टरांनी एकदा इंजिन उघडून साफ केलं आणि दात तपासायचा छोटा आरसा आतच ठेवून झाकण लावलं. बाई एकदा गाडीसकट तळ्यात उतरल्या आणि मगच त्यांना आठवलं की खालच्या भोकाचं बूच स्वयंपाकघरात सुकत ठेवलंय. हे सगळं ती दोघं इतक्या आनंदाने सांगत होती की माझी भीड चेपली. मी बेडकीचं वर्णन केलं. दोघं एकदम उठली आणि चला म्हणाली.

पुढचे पाच आठवडे आमचं पार्किंग म्हणजे दवाखाना आणि शाळा यांची एकत्र शाखा झाली. डॉक्टर दात कोरायच्या हत्यारांनी कार्बोरेटर साफ करायचे आणि सवयीने मधूनच इंजिनला दुखतंय का म्हणून विचारायचे. काकांनी छताचं कुजलेलं कापड पाहून, कापड पुन्हा गळणार, पत्रा ठोका, असं ठणकावून सांगितलं. बाईंनी पत्रा ठोकला नाही, वेल्ड केला, चारी बाजूंनी, आणि स्वतःला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क दिले. हे छत आता आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील, असं त्या म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

माझ्याकडे सुटे भाग नीट लावून ठेवायचं काम होतं. हे माझं क्षेत्र. दोनशे चौदा भागांना मी चिठ्ठ्या बांधल्या, प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि सगळे वर्णानुक्रमे ओळीत मांडले. इतकी सुंदर मांडणी त्या पार्किंगने कधी पाहिली नसेल. जोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की कुठल्या भागानंतर कुठला सुटला त्याचा क्रम कुठे आहे. मी म्हटलं, क्रम आहे ना, 'अ'पासून सुरू होतो. त्यावर बाई वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. काका मात्र तोंड वळवायच्या भानगडीत पडले नाहीत. मी ग्रंथपाल म्हणून मिळवलेली सव्वीस वर्षांची प्रतिष्ठा त्या दुपारी दोनशे चौदा तुकड्यांत जमिनीवर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड लपवत खाली गेलो, तर एका दांड्याला माझ्या चिठ्ठीशेजारी दुसरी चिठ्ठी होती. अक्षर थरथरतं, पण वाचता येत होतं. 'हा मागच्या चाकाचा. आधी हा.' मी वर बघितलं. खिडकीत बाबा बसलेले होते आणि समोरच्या तारेवरच्या कावळ्याकडे लक्षपूर्वक पाहत होते. मी ती चिठ्ठी बायकोला नेऊन दिली. तिने ती दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. त्यानंतर रोज सकाळी दोन-तीन भागांना नव्या चिठ्ठ्या मिळत गेल्या, आणि आम्ही सगळ्यांनी न ठरवता कावळ्यावर विश्वास असल्याचं नाटक केलं. बाबा बोलत मात्र नव्हते. विचारलं तर 'असू दे'.

इंजिन सुरू झालं तेव्हा महिना संपायला दोनच दिवस उरले होते. मी अर्ज घेऊन वाहन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या मॅडमनी अर्ज वाचला. त्यात दारांसाठी दोन रकाने होते, डावीकडची आणि उजवीकडची. मी दोन्हीकडे शून्य लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं की मग तुम्ही आत कसे जाता. मी म्हटलं, पुढून. पुढचा रकाना नाही, त्या म्हणाल्या. मी चित्र काढून दाखवलं. मॅडम हसू लागल्या, त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या बाईंना चित्र दाखवलं, मग ते आत साहेबांपर्यंत गेलं आणि परत आलं तेव्हा त्यावर कुणीतरी बेडकीला डोळे काढलेले होते. पण हसून झाल्यावर मॅडमनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि जेवायची सुट्टी सोडून शोधत बसल्या. शेवटी नियम सापडला. रिव्हर्स गिअर नसलेलं तीन चाकी वाहन साइडकार लावलेल्या मोटारसायकलच्या वर्गात मोडतं, आणि त्या वर्गाच्या अर्जात दारांचा रकानाच नाही. रिव्हर्स बंद करून आणा, त्या म्हणाल्या, परवा शेवटचा दिवस.

डॉक्टरांनी रिव्हर्स बंद केला. गिअरचा दांडा ज्या खाचेत पडला की गाडी मागे जाते, ती खाच त्यांनी दाढ भरायच्या सिमेंटने भरून टाकली, वर घासून गुळगुळीतही केली. वीस वर्षं हलणार नाही, पेशंटलाही मी एवढी हमी देत नाही, असं ते म्हणाले. त्या वेळी वर खिडकीत बाबा उभे राहिलेले मला दिसले. त्यांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे मान वर करून थांबलो. त्यांनी हात हलवला आणि पुन्हा बसले.

तपासणीला मालकाने स्वतः सही करायची असते, म्हणून बाबांनाही नेलं. बायकोची परीक्षेची ड्युटी होती, तिला येता आलं नाही. डॉक्टर आणि बाई शववाहिकेतून मागे आले. गेटवरच्या रखवालदाराने ती गाडी पाहून टोपी काढली आणि अत्यंत हळू आवाजात त्यांना बाहेरच थांबवलं. बाबांनी सही केली आणि आवारातल्या बाकावर बसले. तपासनीस साहेब आले. भारदस्त माणूस. बेडकीत शिरताना त्यांना दोनदा श्वास सोडावा लागला, पण बसल्यावर ते खूश दिसले. आम्ही आवारात तीन फेऱ्या मारल्या. दिवे पास, हॉर्न पास, इशारे पास. मग साहेबांनी समोरच्या कुंपणाच्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, तिथपर्यंत जोरात जा आणि थांबून दाखवा.

ब्रेक बाईंनी बसवले होते आणि माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. उताराच्या बाजूने मी गाडी सोडली आणि भिंतीपासून चार बोटांवर थांबवली. आयुष्यात मी एवढं नेमकं काहीही केलेलं नाही. साहेबांनी ब्रेकसमोर 'उत्तम' असं लिहिलं. मग ते म्हणाले, "दार उघडा."

दार चार बोटं उघडलं. तेवढीच जागा होती. मी गिअरचा दांडा मागे ढकलला, तो डॉक्टरांच्या सिमेंटवर आपटून परत आला. साहेबांनी हात वर करून छत ढकललं. अठ्ठ्याण्णव मार्कांचं छत. त्यांनी काच सरकवून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत गेला, पुढे साहेबच होते. तेवढ्यात जेवायची घंटा झाली आणि सगळं आवार बघता बघता रिकामं झालं. साहेबांनी मांडीवरचा कागद पाहिला. शेवटची एकच ओळ भरायची राहिली होती. 'संकटकाळी बाहेर पडण्याची सोय.' त्यांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. गाडी भंगारात जाणार, आणि तिच्याबरोबर रोज सकाळच्या त्या चिठ्ठ्या जाणार, आणि बायकोला मी काय सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी हॉर्न दाबला. बाकावरून बाबा उठले. काठी टेकत टेकत, मध्ये दोनदा थांबून ते आमच्यापर्यंत आले आणि काचेपाशी वाकले. आधी भिंतीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"भिंतीला नाक लावून ही उभी करायची नसते, जावईबापू."

चार महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं सबंध वाक्य. मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा गुडघा घट्ट धरला.

"मला कुणी सांगितलं नाही, बाबा."

"मी सांगणार होतो. सिमेंट भरलं तेव्हाच सांगणार होतो. म्हटलं, असू दे." त्यांनी काठी बेडकीला टेकवली. "हे माझ्याकडूनही झालंय. लग्नाला आठ दिवस झाले होते. ठरवून झालेलं लग्न, आठ दिवसांत ती माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोललेली. मी दिवसभर डॉक्टरांपुढे बडबड करायचो आणि घरी आलो की मला काही सुचायचं नाही. तिला सिनेमाला घेऊन निघालो आणि गल्लीत अशीच उभी केली. रिव्हर्स पडेना. छत भिजून आखडलेलं, तेही उघडेना."

"मग?" साहेबांनी विचारलं. त्यांची जेवायची वेळ चालली होती.

"दीड तास बसलो. अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, तुम्हाला गाडी चालवता येत नाही का? आणि हसली. तिथून जी बोलायला लागली ती शेवटच्या दिवसापर्यंत." बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "ती गेल्यावर मला कळेना की आता बोलायचं कुणाशी."

काचेतून जेवढा हात बाहेर जात होता तेवढा मी काढला आणि बाबांनी तो धरला.

मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि गेटच्या दिशेने अशी हाक मारली की जुने डॉक्टर त्यांच्याकडून औषधं का विकत घ्यायचे ते मला समजलं. शववाहिकेतून आमची मंडळी धावली, रखवालदार आला, डबा हातात घेऊन खिडकीमागच्या मॅडम आल्या. बाबा काठीने खुणा करत होते. हँडब्रेक सोडा, गिअर काढा, मागून धरा, एकदम ओढा. बेडकी हातभर मागे आली आणि दार उघडलं. साहेब बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले की बाकी सगळं उत्तम आहे, पण बाहेर पडायची सोय नाही, मी पास करू शकत नाही.

"साहेब, तुम्ही किती वाजेपर्यंत बसता?" बाबांनी विचारलं.

"पाच."

बाबा बाईंकडे वळले. बाईंनी छताकडे पाहिलं. आपलं काम आपणच कापायचं म्हणजे काय असतं ते शिक्षकालाच कळेल. कापायचं यंत्र शववाहिकेत होतं. विजेसाठी मॅडमनी आपल्या खिडकीतून वायर बाहेर सोडली, आणि त्या खिडकीतून नागरिकाला काहीतरी मिळताना मी प्रथमच पाहिलं. साडेचारला छताचा पत्रा बिजागरीवर उघडू लागला, आत एक कडी बसली. साहेबांनी नियमाप्रमाणे स्वतः आत बसून दार बंद करून घेतलं, कडी काढली आणि छतातून कमरेपर्यंत वर आले. खरं तर तेवढ्यावर भागलं असतं, पण ते तिथेच उभे राहून सगळं आवार बघत बसले. मग त्यांनी वरूनच कागद मागवला आणि सही केली. मी त्यांचे आभार मानले तर म्हणाले, आभार यांचे माना, आणि बाबांकडे बोट दाखवलं.

घरी येईपर्यंत बाबा बोलत होते. बायको फाटकात उभी होती. बाबांनी उतरता उतरता तिला सिनेमाच्या दिवसाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आपले आईवडील पहिल्यांदा कधी बोलले हे तिला पन्नाशीत कळत होतं. काका मध्येच काही विचारायला आले, तर त्यांनाही कुणी बोलू दिलं नाही. ती रडत होती, पण सगळ्यांसमोर, बाबांचा हात धरून. मला त्या वेळी पार्किंगमधल्या प्रत्येक माणसाचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं की कागद हातात आलाय, हळूच डॉक्टरांना सांगून रिव्हर्समधलं सिमेंट काढून घेऊ, पुन्हा अडकायला नको.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "मी चार महिने त्या खुर्चीत बसलो. मी बोलत नव्हतो, पण तुम्ही दोघं तरी कुठे बोलत होतात?"

मी फ्रिजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या.

रविवारी मी बायकोला म्हटलं, चल, चक्कर मारून येऊ. तोंडाने म्हटलं. कॉलेजच्या मागे एक शांत गल्ली आहे, तिच्या टोकाला भिंत आहे. मी गाडी नेली आणि भिंतीपासून चार बोटांवर थांबवली. इंजिन बंद केलं. ती भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"अहो, तुम्हाला गाडी चालवता येत नाही का?"

छताची कडी आमच्या दोघांच्या डोक्यावर होती. तिलाही ती दिसत होती आणि मलाही. कुणी हात वर नेला नाही. सव्वीस वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते तिनेच ठरवलं.